मागच्या बाकांवरचे कॅथलिक



या सदरात आम्ही हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर लिहिले, तेव्हा बरीच पत्रे आली. बहुतेक कौतुकाची होती. एक फोन मात्र वेगळा होता. एक भगिनी बोलत होत्या. "सर, तुमचा लेख घरात मोठ्याने वाचला, सगळ्यांना आवडला. आता माझ्या मुलीला स्थळ आलंय. मुलगा नमाजी आहे, शिकलेला आहे, नोकरीला आहे, घरचे लोक साधे आहेत. पण बिरादरी वेगळी. माझे जेठ म्हणतात, सहाबांची गोष्ट वेगळी होती, आपल्याला चार लोकांत राहायचंय. आणि सर, घरात तो लेख सगळ्यात आधी त्यांनीच वाचला होता. आता त्यांना मी काय सांगू?"

आम्हाला फोनवर काही सुचले नाही. विचार करून सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आयती उत्तरे आमच्याजवळ होती, ती तुमच्याही तोंडपाठ असतील. सूरह हुजुरातची तेरावी आयत, हज्जतुल विदाचा खुतबा, एकाच सफमध्ये उभे राहणारे राजा आणि रंक. अडचण ही की ही सगळी उत्तरे त्या जेठांनाही पाठ होती.

मग आम्हाला एका दुसऱ्या समाजाची हकिगत आठवली, जी काही वर्षांपूर्वी आम्ही वाचली होती. ती अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील कॅथलिक लोकांची आहे. आपला तिच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की त्यांच्याकडेही शिकवण स्वच्छ होती, आणि ती सगळ्यांना पाठ होती.

कॅथलिक पंथाची शिकवण थोडक्यात अशी: सर्व माणसे आदम आणि हव्वा यांची संतती आहेत, प्रत्येक माणूस ईश्वराने निर्माण केला आहे, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यू आणि ग्रीक, गुलाम आणि मालक हा भेद उरत नाही. ही शेवटची गोष्ट संत पॉल यांच्या पत्रात आहे, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षे जुनी. 'कॅथलिक' या शब्दाचा अर्थच मुळी सर्वांना सामावून घेणारा असा आहे. पोपनी १५३७ मध्ये फर्मान काढून सांगितले होते की अमेरिकेतील मूळ रहिवासी ही माणसेच आहेत आणि त्यांना गुलाम करता येणार नाही. १८३९ मध्ये दुसऱ्या एका पोपनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. कागदावर पाहिले तर कमी कुठेच नाही.

आता जमिनीवर पाहू. लुइझियाना हा प्रदेश आधी फ्रेंचांचा होता, १८०३ मध्ये तो अमेरिकेने विकत घेतला. फ्रेंचांनी १७२४ मध्ये तिथे गुलामांसाठी एक कायदा लागू केला. त्यात लिहिले होते की प्रत्येक गुलामाला कॅथलिक धर्माची शिकवण द्यावी, बाप्तिस्मा द्यावा, रविवारी त्याच्याकडून काम करवून घेऊ नये. त्याच कायद्यात हेही लिहिले होते की गोऱ्याने काळ्याशी लग्न करायचे नाही. म्हणजे एकाच कागदावर धर्मात प्रवेश आणि घरात बंदी. आमच्या भगिनीचा फोन आठवा. १८३८ मध्ये तर मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या मालकीचे २७२ गुलाम, बायकामुलांसह, याच लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. त्या पैशातून वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाउन या त्यांच्या कॉलेजाचे कर्ज फेडले गेले. पोपचे व्यापाराविरुद्धचे पत्र आले ते पुढच्याच वर्षी. विकणारे मुल्ला-मौलवींच्या दर्जाचे लोक होते, बाजारातले दलाल नव्हते. त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली २०१७ मध्ये.

गुलामी संपली. पण एक गोष्ट ऐकून आम्हाला नवल वाटले. न्यू ऑर्लिन्समध्ये काळे आणि गोरे कॅथलिक त्यानंतरही बरीच वर्षे एकाच चर्चमध्ये जात होते. मागे-पुढे बसत असतील, पण छप्पर एक होते. वेगळी चर्चे निघाली ती १८९५ पासून, आणि ती काढली एका दयाळू आर्चबिशपने. त्यांचा विचार असा की काळ्या लोकांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये मागे बसावे लागते, अपमान होतो, ते धर्मापासून दूर जातात, तर त्यांना हक्काची जागा द्यावी. तिथल्या शिकलेल्या काळ्या कॅथलिकांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की आज सोय म्हणून दिलेली जागा उद्या भिंत होईल. तेव्हा याच शहरातील होमर प्लेसी नावाच्या गृहस्थाचा खटला चालू होता; गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसल्याबद्दल त्याला १८९२ मध्ये अटक झाली होती. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेगळे पण समान ठेवले तर हरकत नाही. पुढची साठ वर्षे सगळी दक्षिण अमेरिकी राज्ये या एका वाक्यावर चालली. चर्चही चालले. जिथे चर्च एकच होते, तिथे काळ्यांसाठी मागची दोन-तीन बाके राखून त्यांवर पाटी लावलेली असे. गोऱ्यांना कम्युनियनचा प्रसाद देऊन झाल्यावर काळ्यांनी पुढे यायचे. शाळा तर वेगळ्याच.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आमचे लक्ष शाळांकडे अधिक गेले. ही हकिगतही शेवटी शाळेच्या दरवाजाशी येऊन थांबते.

१९३५ मध्ये जोसेफ रमेल या शहराचे आर्चबिशप झाले. जन्म जर्मनीतला, लहानपणी आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेले. त्यांना कोणी क्रांतिकारक म्हटले नसते. आल्या आल्या त्यांनी काही केले नाही. आहे ती व्यवस्था बरीच वर्षे चालवली. पण १९४८ मध्ये त्यांनी धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. १९५३ मध्ये त्यांचे पत्र प्रत्येक चर्चमध्ये वाचले गेले: बाकांवर, प्रसादाच्या वेळी, पापनिवेदनाच्या खोलीपाशी, चर्चच्या सभांमध्ये यापुढे भेद चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वेगळेपण बेकायदा ठरवले ते १९५४ मध्ये. म्हणजे चर्चच्या आत रमेल न्यायालयाच्या एक वर्ष पुढे होते.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये जेझुइट बेंड नावाच्या खेड्यात रविवारची मिस्सा सांगायला एक काळे फादर आले. गावातल्या कॅथलिकांनीच त्यांना चर्चच्या दारात अडवले. या लोकांचा बाप्तिस्मा झाला होता, लग्ने चर्चमध्ये झाली होती, मुले कॅथलिक शाळेत होती, आणि दारात उभा होता तो त्यांच्याच धर्माचा गुरू. रमेल यांनी त्या गावातील मिस्सा बंद केली. तुम्हाला फादर नको, तर मिस्साही नाही. रोमच्या वृत्तपत्राने त्यांची वाखाणणी केली.

१९५६ च्या फेब्रुवारीत त्यांचे दुसरे मोठे पत्र आले. वंशभेद हा गैरसोयीचा किंवा जुनाट नाही, तो पाप आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. कारण तो मानवजातीची एकता नाकारतो. यात आम्हाला शब्दाची निवड महत्त्वाची वाटते. आपणही बिरादरीच्या भिंतीला 'रिवाज' म्हणतो, 'मजबुरी' म्हणतो, फार तर 'बुराई' म्हणतो. 'गुनाह' हा शब्द तिथे आपल्या तोंडून सहसा येत नाही.

आणि इथून पुढे त्यांचे पाऊल अडखळले. पत्रात सांगितले होते की कॅथलिक शाळाही आता एक होतील. त्या झाल्या नाहीत. गोऱ्या कॅथलिकांनी संघटना काढली आणि थेट पोपकडे तक्रार नेली की आर्चबिशप वंशभेदाला पाप म्हणतात, त्यांना आवरा. रोमने त्यांना दाद दिली नाही. रमेल यांच्या घराजवळ क्रूस जाळला गेला. राज्याच्या विधिमंडळातील कॅथलिक आमदार खासगी शाळांतही भेद सक्तीचा करणारा कायदा आणू पाहत होते. तसे केल्यास धर्मबहिष्कार होऊ शकतो, असे चर्चच्या वृत्तपत्राने बजावले, तेव्हा तो बारगळला. पण शाळांना मिळणारी पुस्तके, बस, दुपारचे जेवण यांची सरकारी मदत जाईल, ही भीती राहिली. पालक मुले काढून घेतील, फी बुडेल, इमारतींचे कर्ज कसे फिटेल? स्वतःच्याच धर्मगुरूंपैकी अनेक जण म्हणाले, थोडे थांबा, लोक तयार नाहीत. रमेल थांबले. सहा वर्षे थांबले.

सहा वर्षे म्हणजे किती, हे शाळेत राहिल्यावर कळते. १९५६ मध्ये पहिलीत गेलेले काळे मूल १९६२ मध्ये सातवीत गेले. त्याच्यासाठी 'थोडे थांबा' म्हणजे सगळी प्राथमिक शाळा. ते पत्र त्या मुलाच्या आईबापांनीही चर्चमध्ये ऐकले असेल. ते ऐकून घरी जाताना त्यांना काय वाटले असेल आणि सहा वर्षांनी काय वाटत असेल, याचा विचार आम्हाला त्या पत्राइतकाच मोठा वाटतो.

दरम्यान सरकारने आधी पाऊल टाकले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यायालयाच्या हुकमाने चार काळ्या मुली शहरातील दोन सरकारी शाळांत गेल्या. त्यांतली रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी मार्शलांच्या घोळक्यात चालत जाताना तुम्ही चित्रात पाहिली असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिव्या देणाऱ्या बायका उभ्या होत्या. शहर मोठ्या प्रमाणावर कॅथलिक. तेव्हा त्या गर्दीत रविवारी मिस्सा ऐकणारे किती असतील, याचा अंदाज करा. ज्या चर्चने सर्वांच्या आधी भेदाला पाप म्हटले, त्याच्या शाळा सर्वांच्या मागे राहिल्या.

शेवटी मार्च १९६२ मध्ये जाहीर झाले की येत्या सत्रापासून सर्व कॅथलिक शाळा सर्व कॅथलिक मुलांना खुल्या. रमेल तेव्हा ८५ वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेली होती, मदतीला रोमने दुसरा आर्चबिशप पाठवला होता. विरोध उसळला. सर्वांत मोठा आवाज लिअँडर पेरेझ यांचा. प्लॅकमिन्स जिल्ह्याचे हे राजकीय मालक. माजी न्यायाधीश, तेलाच्या जमिनींतून अमाप पैसा केलेले, पिढीजात कॅथलिक. चर्चला देणग्या देणे बंद करा, असे त्यांनी लोकांना सांगितले. रमेल यांनी आधी खासगी पत्रे लिहून समज दिली. उपयोग झाला नाही, तेव्हा १६ एप्रिल १९६२ रोजी त्यांनी पेरेझ, गोऱ्यांच्या एका संघटनेचे नेते जॅक्सन रिको आणि उना गिलॉट या बाई, अशा तिघांना धर्मबहिष्कृत केले. गिलॉटबाईंनी आर्चबिशपांच्या निवासाच्या आवारात त्यांच्यापुढे गुडघे टेकले होते. पण माफीसाठी नव्हे. ईश्वराचा कायदा वंश वेगळे ठेवायला सांगतो, तुम्हीच चुकता आहात, असे त्यांना सांगायचे होते. तो वृद्ध माणूस काही बोलला नाही.

धर्मबहिष्कार या शब्दाने आपल्याकडील काही वाचक दचकतील. योगायोग असा की त्याच १९६२ सालच्या जानेवारीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा रद्द केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी तो खटला नेला होता. त्या निकालाच्या बऱ्यावाईटात शिरण्याची ही जागा नव्हे. आपल्या महाराष्ट्रात २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो जात-पंचायतींमुळे. आपल्या अनुभवात बहिष्कार पडतो तो भिंत ओलांडणाऱ्यावर. न्यू ऑर्लिन्समध्ये तो भिंत बांधणाऱ्यांवर पडला. एवढा फरक नोंदवून पुढे जाऊ.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या. शहरात मोठी गडबड झाली नाही. 'लोक तयार नाहीत' म्हणणाऱ्यांचा अंदाज बराचसा चुकला. पेरेझ यांच्या जिल्ह्यात मात्र ब्युरास गावच्या कॅथलिक शाळेत मोजकी काळी मुले आली, आणि गोऱ्या पालकांनी आपली मुले घरी ठेवली. धमक्या आल्या. काळी मुले पुन्हा आली नाहीत. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या इमारतीत स्फोट झाला. रमेल १९६४ मध्ये वारले. पेरेझ यांचा बहिष्कार नंतर मागे घेण्यात आला आणि १९६९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा अंत्यविधी कॅथलिक चर्चमध्येच झाला. त्यांनी मते बदलली होती का, याबद्दल आम्हाला दाट शंका आहे.

१९६५ मध्ये व्हॅटिकनच्या मोठ्या धर्मपरिषदेने वंश, रंग, सामाजिक दर्जा किंवा धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाचा निषेध केला. मुस्लिमांविषयी आदर व्यक्त करणारा परिच्छेद त्याच दस्तऐवजात आहे. पण १९६८ मध्ये अमेरिकेतील काळ्या कॅथलिक धर्मगुरूंनी एकत्र येऊन म्हटले की अमेरिकेतील आपले चर्च ही गोऱ्यांची वंशवादी संस्था आहे. बाहेरच्या कोणी नव्हे, आतल्या धर्मगुरूंनी. तिथल्या बिशपांनी १९७९ मध्ये वंशवादाला पुन्हा पाप म्हटले आणि २०१८ मध्ये पुन्हा एकदा. तीच गोष्ट तीनतीनदा सांगावी लागते, यावरून काय ते समजा. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शाळा एक झाल्यावर बंद पडल्या त्या बहुधा काळ्यांच्या शाळा. ज्या शिक्षिकांनी, सिस्टरांनी, पालकांनी त्या उपेक्षेत उभ्या केल्या, त्यांना एकत्र येण्याची किंमतही भरावी लागली.

हे सगळे वाचताना आम्हाला एका लग्नाची हकिगत सापडली, आणि तीच आमच्या भगिनीच्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अँड्रिया पेरेझ ही मेक्सिकन वंशाची मुलगी आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा काळा तरुण लग्नाचा परवाना मागायला सरकारी कचेरीत गेले. (आडनाव पेरेझ असले तरी त्या राजकारण्याशी हिचे नाते नाही.) दोघे विमानाच्या कारखान्यात एकत्र कामाला होते, दोघे कॅथलिक. कायद्याच्या हिशेबात ती गोरी होती, म्हणून परवाना नाकारला गेला. त्यांचे वकीलही कॅथलिक होते. त्यांनी न्यायालयात मुद्दा मांडला तो असा: आमचा धर्म या दोघांच्या लग्नाला मना करीत नाही, चर्च त्यांचे लग्न लावायला तयार असताना राज्य मध्ये येते, म्हणजे आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला येतो. १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. सगळ्या अमेरिकेत असे कायदे रद्द व्हायला १९६७ उजाडले. गंमत म्हणा की दुःख म्हणा, त्या वकिलांनी स्थानिक चर्चच्या वरिष्ठांना साक्षीला यायची विनंती केली तेव्हा ते आले नाहीत. धर्म काय सांगतो हे न्यायालयात सांगायला दोन कामगार आणि एक वकील पुरले. ज्यांचे ते काम होते, त्यांना तो विषय नकोसा वाटला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या सफमध्ये खरोखर भेद नाही. मशिदीत मागच्या बाकांवर पाटी कधी लागली नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे. माल्कम एक्स १९६४ मध्ये हजला गेले आणि तिथे सर्व रंगांची माणसे एकत्र पाहून त्यांचे विचार बदलले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण सफ संपते आणि आपण चपला घालून बाहेर येतो, तिथून पुढे बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, तांबोळी, मण्यार, मुलाणी, शिकलगार सुरू होतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात अशराफ, अजलाफ, अर्जल या थरांची चर्चा आहे. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी आपण हीच नावे कचेरीत लिहितो, आणि ते योग्यच आहे, कारण मागासलेपण खरे आहे. मात्र दाखल्याच्या खिडकीवर 'आमच्यात जात आहे' आणि व्यासपीठावर 'आमच्यात जात नाही' ही दोन वाक्ये एकाच तोंडातून निघतात.

भारतातील कॅथलिकही याच कात्रीत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. दोघांच्या वतीने मागणी होते, तेव्हा सरकार म्हणते, तुमच्या धर्मात जातच नाही ना? त्यावर भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये एक धोरण जाहीर केले आणि त्यात मान्य केले की आमच्या चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो. वेगळी स्मशाने, वेगळ्या बसण्याच्या जागा, हे त्यांच्याकडे होतेच. लेखी कबूल करायला त्यांना लाज वाटली असेल. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जमाअतीने असे लेखी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. कोणाच्या असेल तर जरूर कळवावे, आम्ही याच सदरात छापू.

कुफूचा मुद्दा कोणी काढील, म्हणून तोही सांगतो. निकाहात जोड बरोबरीची असावी, ही फिकहमधील चर्चा खरी आहे. हनफी इमामांनी त्यात वंश आणि व्यवसायही धरले, इमाम मालिक (रह.) यांनी मुख्य भर दीनवर ठेवला. मुलीला नंतर जाच होऊ नये, हा त्यामागचा हेतू. मुलीचे भले पाहण्यासाठी केलेला नियम मुलीलाच घरी बसवू लागला, तर त्याचा वापर कोण करते आहे, हे पाहायला हवे.

सही मुस्लिममध्ये हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांची हकिगत आहे. त्या कुरैश घराण्यातल्या. तलाकनंतर त्यांना दोन नामांकित कुरैश पुरुषांकडून मागणी आली. त्या सल्ल्यासाठी प्रेषित (स.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी दोन्ही स्थळांतील उणिवा सांगितल्या आणि म्हणाले, उसामा बिन जैदशी निकाह कर. उसामा (रजि.) हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. फातिमा (रजि.) यांना ते आधी पसंत पडले नाही, त्यांनीच तसे सांगितले आहे. प्रेषित (स.) यांनी पुन्हा तेच सांगितले. त्यांनी निकाह केला, आणि पुढे त्या म्हणत की अल्लाहने त्यात इतकी भलाई ठेवली की लोकांना माझा हेवा वाटू लागला. या हकिगतीत आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे ते पहिले 'नको'. सहाबांची गोष्ट वेगळी होती, असे जेठ म्हणतात. या ठिकाणी ती तितकीशी वेगळी नव्हती.

आम्ही त्या भगिनीला फोन केला आणि ही हकिगत सांगितली. रमेल यांचीही थोडी सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जेठ नाही म्हणत नाहीत आता. म्हणतात, मे महिन्यात मुलीची परीक्षा होऊ दे, मग बघू."

मग म्हणजे कोणत्या तारखेला, ते त्यांना विचारून घ्या, एवढेच आम्ही म्हणालो.